आबा मेल वाचायचे तो हंगाम

द्राक्षाच्या मण्यांत पाणी उतरायला लागलं की आमच्याकडची हवा बदलते. मला ते दिसत नाही, पण कळतं. सकाळच्या थंडीतला, बागांवर मारलेल्या गंधकाचा वास पातळ होत जातो आणि त्याच्या खालून एक ओला, गोडसर वास वर येतो. खुडणीला निघालेल्या बायकांची पिकअप दारावरून जाते, तेव्हा त्यांचं हसणं रस्त्यावर सांडत जातं. रिकामे क्रेट ट्रॉलीत खडखडत बागेकडे जातात, आणि संध्याकाळी तीच ट्रॉली भरून येते तेव्हा गुपचूप येते. पिंपळवंडीत सून म्हणून आले तेव्हापासून हे सगळं मी दर साली ऐकते आहे. सगळे हंगाम एकमेकांत मिसळून गेलेत. एक मात्र मिसळत नाही. यंदा पहिली ट्रॉली खडखडली आणि मला वाटलं, आता ओटीवरून हाक येणार, "मंगल, मेल आलाय गं."

हाक मारणारे आबा, म्हणजे माझे सासरे. त्यांची थोडीशी बाग होती, पण हयात गेली पिठाच्या गिरणीत. गिरणीच्या घरघरीवर आवाज काढायची इतकी सवय, की गिरणी विकून टाकली तरी आवाज खाली आला नाही. आबा कानात काही सांगायला लागले तर ते पलीकडच्या आळीत कळायचं. लग्न होऊन आले तेव्हा मी भ्यायचे. अवसरीत आमच्या घरी सगळे हळू बोलणारे. मला वाटायचं, हे सारखे रागावलेले का असतात? मग लक्षात आलं की रागावले की ते गप्प बसतात. बाकी सगळा वेळ ते खुशीत असायचे.

माझे डोळे एकदम गेले नाहीत. पडद्याचा आजार. आधी संध्याकाळ गेली, मग कडेकडेचं गेलं, मग मधे उरलेला तुकडाही धुरकट होत होत संपला. तेव्हा मी नारायणगावच्या एका द्राक्ष निर्यात करणाऱ्या ऑफिसात पत्रव्यवहार बघायचे. परदेशातले खरेदीदार, जहाजवाले, पॅकहाउसवाले, सगळ्यांचे मेल माझ्याकडे. ऑफिसच्या मालकांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊ वाईट माणूस नाही. मला स्क्रीन वाचता येईना, तेव्हा त्यांनी लॅपटॉप घरी पाठवला आणि सांगितलं, घरून करा. पण फोन ठेवता ठेवता म्हणाले, "मॅडम, येवढा हंगाम बघू. बागा खाली होऊंद्यात, मंग काय ते ठरवू."

बाग खाली होणं, म्हणजे सगळा माल निघून जाणं. आमच्याकडे सगळं या एका गोष्टीपाशी येऊन थांबतं. मुलीचं लग्न, गळकं छप्पर, दुखरी दाढ, भावकीतलं भांडण, काहीही असो. बाग खाली झाली की बघू. बाहेरच्या माणसाला हा आळस वाटेल. तो आळस नाही. एक गारपीट, एक अवकाळी सर, एक चुकलेली फवारणी, आणि वर्षभराचा जीव मातीत. त्यामुळे घड पिकायला लागले की माणसं आपापली दुखणी खुंटीला टांगून ठेवतात. मला ह्याचं आधी कौतुक वाटायचं. आता वाटत नाही.

तर त्या हंगामात माझी नोकरी टांगणीला लागली होती. पण खरं सांगायचं तर नोकरीहून मोठं काहीतरी होतं. मला लिहिलेलं मला कळावं, आणि मधे कुणी असू नये, एवढंच मला हवं होतं. डोळे जातात तेव्हा माणसाचं सगळं दुसऱ्याच्या तोंडून यायला लागतं. लाईटचं बिल, लग्नपत्रिका, बहिणीचा मेसेज. कुणी मुद्दाम खोटं सांगत नाही, पण प्रत्येक जण थोडं गाळतो. "काही नाही गं, असंच आहे," म्हणतो. ते "असंच" काय होतं, हे मला आयुष्यभर कळणार नाही, या विचाराने मी आतल्या आत पेटायचे.

माझे यजमान विलास चाकणला कंपनीत, पाळीवर. सासूबाईंना अक्षरओळख नाही. राहिले आबा. जुनी अकरावी झालेले, इंग्रजी वाचता येणारे, आणि आवाज असा. सुरुवातीला तेच माझे मेल वाचायचे. ओटीवर लॅपटॉप, शेजारी मी, पुढ्यात चहा.

"काइंडली एक्स… एक्सपेडाइट. द डॉक्युमेंट्स." मग थांबायचे. "मंगल, हा बाबा तापलाय."

"कशावरून?"

"दोनच वळी लिवल्यात. खाली नाव बी नीट घातलं न्हाई."

आबा मेल वाचायचे म्हणजे माणूस वाचायचे. कोण घाईत आहे, कोण गोड बोलून भाव पाडतोय, कोण खरंच अडचणीत आहे. अर्थात सगळ्या वाडीला आमच्या ऑफिसचे कंटेनर कधी सुटणार हे माझ्याआधी कळायचं. शेजारची वहिनी भिंतीपलीकडून विचारायची, "काय वं आबा, त्यो हालंडवाला पैसं देतोय का न्हाई?" ऑफिसचं गुपित म्हणून काही राहिलंच नव्हतं. भाऊंच्या कानावर हे जाईल म्हणून मी घाबरायचे, आणि तरी त्या सकाळी मला आवडायच्या.

पण आबा किती वेळ बसणार? त्यांना बाग होती. म्हणून मी पुण्यातल्या एका संस्थेतल्या सरांकडून फोनवर शिकायला लागले. सर स्वतः अंध. कॉम्प्युटरवर जे असतं ते बोलून दाखवणारा स्क्रीन रीडर त्यांनी घालून दिला. त्यात एक बाईचा आवाज होता. सर म्हणाले, आता माऊस विसरा. सगळं बोटांनी, सगळं कीबोर्डवरून. खालच्या बाणाने पुढचा मेल, वरच्याने मागचा. एंटरने उघडायचा, एस्केपने बाहेर यायचं. टॅब दाबलं की एका जागेवरून पुढच्या जागेवर, शिफ्ट धरून टॅब दाबलं की उलटं. बाई फार बडबडायला लागली की कंट्रोल दाबून गप्प करायची. ऐकायला सोपं आहे. करायला बसल्यावर पहिले काही दिवस मी रडकुंडीला आले होते.

डोळस माणसाला कधी प्रश्न पडत नाही की मी स्क्रीनवर कुठे आहे. तो बघतो आणि तिथे असतो. आम्हाला मात्र सारखं विचारत राहावं लागतं. मी मेलांच्या यादीत आहे, की मेलाच्या आत आहे, की उत्तराच्या चौकोनात? एक टॅब जास्त पडला की भलतीकडेच. अंधारात दुसऱ्याच्या घरात भिंत चाचपत जावं तसं. ती बाई सांगते, पण एकदाच सांगते, आणि तेवढ्यात चुलीवर दूध उतू गेलं की संपलं.

आबांनी ह्यावर तोड काढली. एके दुपारी उपरणं डोळ्यांवर बांधून ते माझ्या शेजारी बसले. म्हणाले, "मला बी बघूंदे हे कसं आसतं ते." बराच वेळ टॅब दाबत बसले, बाईचं ऐकत बसले. मग त्यांनी टॅब टॅब करत जाण्याच्या वाटेला एसटीचे थांबे लावले. माझ्या माहेराकडून सासरी यायची वाट. नवा मेल उघडला की अवसरी फाटा. कुणाला पाठवायचा तो रकाना म्हणजे मंचर. प्रत कुणाला, तो कळंब. विषय म्हणजे नारायणगाव. आणि जिथे मजकूर लिहायचा तो चौकोन म्हणजे पिंपळवंडी. घर.

"घर आलं का बघायचं," आबा म्हणाले, "मंगच त्वांड उघडायचं. वाटंत कुटं बी उतरून बोलाय लागलीस तर कोण आइकणार?"

मी हसले, पण त्या दिवसापासून माझी वाट चुकणं कमी झालं. सासूबाईंनी त्यांच्या डबीतल्या खड्यांच्या टिकल्या दिल्या. मला सारख्या लागणाऱ्या कळांवर त्या चिकटवल्या, म्हणजे बोटांना खूण. कीबोर्डला हळदीकुंकवाला बोलावल्यासारखं झालंय, असं विलास सुट्टीला आला तेव्हा म्हणाला.

आणि मग ती चूक झाली. ती फक्त आमच्यातल्याच कुणाच्या हातून होऊ शकते. ऑफिसच्या मेलमध्ये सुट्या अक्षरांनाही कामं दिलेली असतात. तुम्ही चौकोनात असाल तर ई म्हणजे ई. पण यादीत असाल तर ई दाबल्यावर समोरचा मेल उचलला जाऊन दुसऱ्या कप्प्यात पडतो. कुठलं अक्षर तारा लावतं, कुठलं वाचल्याची खूण करतं. बोटं भराभर चालावीत म्हणून मी अक्षरागणिक बोलणं बंद करून ठेवलं होतं. त्या सकाळी मी एका खरेदीदाराला सविस्तर उत्तर लिहिलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच न अडखळता, चांगलं इंग्रजी, मधे एक नम्र वाक्यसुद्धा. आणि मी घरात नव्हतेच. मी यादीत उभी होते. माझं प्रत्येक अक्षर त्या प्रोग्रामने हुकूम म्हणून पाळलं होतं.

मी पाठवायची कळ दाबली आणि बाई काहीच बोलली नाही. खालचा बाण दाबला, तर मेल नाहीत.

"आबा, जरा बघा हो इकडे."

आबा हात पुसत आले. "आगं, हितं तर काईच न्हाई. सकाळच्याला तर रांग लागली व्हती."

सरांना फोन लावला. ते आधी शांतपणे हसले आणि मग म्हणाले, "माझेही गेले होते. आपल्यातल्या प्रत्येकाचे एकदा जातात." मग कुठल्या कप्प्यात शोधायचे ते सांगितलं. मेल सापडले, पण तोवर दुपार झाली होती. त्यात एक मेल खोक्यांवरचं लेबल बदला म्हणून सांगणारा होता. पॅकहाउसमध्ये जुनी लेबलं लावून झाली होती. बायकांनी ती सगळी नखांनी खरवडून काढली. भाऊंचा फोन आला. ओरडले नाहीत, हेच मला जास्त लागलं. म्हणाले, "चूक कुणाकडनं बी व्हती, मॅडम. पण हंगामात नको."

त्या संध्याकाळी मी जेवले नाही. आबाही ओटीवर गप्प बसून होते. मग म्हणाले, "उद्यापासनं मी वाचायचं बंद."

"म्हणजे?"

"म्हंजी तुझं तू. मी हितंच बसंन. पण त्वांड उघडायचो न्हाई. मी हाय म्हणून तू आर्धीच ध्यान देती."

मला राग आला. ऐन अडचणीत हात सोडल्यासारखं वाटलं. पण दुसऱ्या दिवशी आबा खरंच शेजारी बसले आणि खरंच गप्प बसले. गिरणीवाल्या माणसाचं गप्प बसणं कसं असतं ते मी तेव्हा अनुभवलं. नुसता श्वास, खाटेची कुरकुर, मधेच बिडीबंडल चाचपणारे हात. सकाळभर त्यांनी तग धरला. मग राहवलं नाही. "आगं मागं, मागं जा, मंचर सुटलं," असं ते एकदम बोलले आणि स्वतःच हसायला लागले. हसता हसता खोकला आला. तो बराच वेळ थांबला नाही.

खोकला आधीपासून होता, आणि आवाजही बसलेला होता. संक्रांतीच्या सुमाराला मला तो पहिल्यांदा जाणवला. कानांवर जगणाऱ्या माणसाला असल्या गोष्टी लवकर जाणवतात. आबांच्या आवाजाला एक खरखर आली होती, दळण जाडंभरडं यावं तशी. मी म्हटलं, आबा, मंचरला दाखवून या. विलास म्हणाला, सासूबाई म्हणाल्या. सगळ्यांना एकच उत्तर.

"गंधकाची धूळ बसलीय घशात. बाग खाली होऊंदे, मंग बघू."

आणि आम्हीही मान डोलावली. आमच्याकडे त्या उत्तरापुढे कुणी बोलत नाही. माझी नोकरी जिथे टांगली होती, त्याच खुंटीला आबांचा घसाही टांगला गेला. त्यांनी तोंड न उघडायचं ठरवलं, तेव्हा त्यांना आतून काही कळलं होतं का, हे मी स्वतःला फार वेळा विचारलंय. मला नाही वाटत. त्यांना मला शिकवायचं होतं, इतकंच. पण त्यांचं न बोलणं वाढत गेलं आणि माझं वाचणं सुधारत गेलं, हे एकाच वेळी झालं.

बाकीचा हंगाम मी एकटीने मेल सांभाळले. बोटांना वाट सापडली होती. यादीतून मेलात, मेलातून उत्तरात, उत्तरात शिरल्यावर क्षणभर थांबून खात्री करायची, मग लिहायचं. बाईचा वेग मी इतका वाढवला की घरात दुसऱ्या कुणाला ती काय बोलते ते कळेना. शेजारच्या वहिनीची फार गैरसोय झाली. आबा शेजारी बसून कलिंगडाच्या बिया सोलायचे आणि एखादा मेल पाठवला गेला की खाटेवर बोट वाजवायचे. शाबासकी म्हणून.

उन्हं तापली, बागा खाली झाल्या, छाटणीच्या कात्र्यांचा आवाज सुरू झाला. भाऊ स्वतः घरी आले, पेढे घेऊन. "मॅडम, पुढच्या हंगामाला बी तुमीच," म्हणाले. मी आबांकडे तोंड केलं. ते काहीतरी बोलले, पण शब्द फुटलेच नाहीत, नुसती हवा आली. भाऊंनीच विचारलं, "आबा, घशाला काय झालं?"

त्याच आठवड्यात मंचर, मग तिथून पुणे. डॉक्टर म्हणाले, थोडं आधी यायला हवं होतं. आता जीव वाचवायचा तर आवाजाची पेटी काढावी लागेल. ऑपरेशनला नेताना आबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. ते काय म्हणाले ते मला कळलं नाही. त्यांचा शेवटचा बोललेला शब्द, आणि मला नीट ऐकू आला नाही.

नंतर पाटी आली. विलासने हॉस्पिटलबाहेरच्या दुकानातून आणलेली साधी पाटी आणि पेन्सिल. आबा लिहायचे आणि जो जवळ असेल तो वाचायचा. "आबा म्हणतायत, पाणी द्या." "आबा म्हणतायत, घरी कधी?" मला पेन्सिलीचा आवाज यायचा. बराच वेळ करकर, करकर, आणि मग विलास म्हणायचा, "काही नाही, बरं वाटतंय म्हणतात." एवढ्या करकरीत एवढंच? मी त्याला एकदा विचारलं. तो म्हणाला, "सगळं कसं सांगू तुला इथं, सगळ्यांसमोर?" त्याचं बरोबर होतं. पण मी पुन्हा तिथेच आले होते. मधल्या माणसाच्या पलीकडे.

घरी आल्यावर तर फारच अवघड झालं. आबा माझ्याजवळ येऊन बसायचे. गळ्याच्या भोकातून येणारा तो श्वास मला ओळखू यायचा. मी सवयीने म्हणायचे, "बोला ना आबा." आणि जीभ चावायचे. त्यांच्या खुणा मला दिसत नव्हत्या आणि माझे प्रश्न नुसते हवेत राहात होते. एका घरात राहून आम्ही दोघं एकमेकांना हरवलो होतो. सासूबाई त्यांचे हातवारे बघून अंदाजाने काम भागवायच्या. ते दोघं चाळीसेक वर्षांचे सोबती, त्यांचं चालत असेल, असं मी धरून चालले.

एकदा मी चहा टाकायला उठले. परत आले तर लॅपटॉप थोडा सरकलेला आणि कळा कोमट. बसून खालचा बाण दाबला. बाई म्हणाली, नवा मेल. पाठवणाऱ्याचं नाव माझंच. माझ्याच खात्यातून माझ्याच पत्त्यावर. एंटर दाबला.

"मंगल मी आबा पिंपळवंडी आली का"

मराठी उमटवायची सोय विलासने केव्हाच घालून दिली होती. वाट तर त्यांनीच आखलेली. अवसरी फाट्यावरून एकेक टॅब दाबत ते त्या चौकोनापर्यंत पोचले होते, टिकल्या चाचपत, एका बोटाने. मी तोंडाने म्हटलं, "आली, आबा." त्यांनी खाटेवर बोट वाजवलं.

त्यानंतर आबा मला मेल लिहायचे. ते लिहिणार, मी ऐकणार आणि तोंडाने उत्तर देणार. मजकूर साधाच. "भाऊच्या मेलला आज उत्तर दिलं न्हाई तू." "काल गिरणीपाशी बिबट्या आला व्हता म्हंत्यात दार लाव." "काल रडलीस नाक वढलेलं आइकू आलं उगा रडू नको." ते बोलायचे तसंच लिहायचे, पूर्णविराम नाही, काही नाही. आणि ती बाई ते सगळं एका सुरात वाचायची. तिचं मराठी शुद्ध आहे, पण ते कुणाचंच नाही. 'बिबट्या' आणि 'भाकरी' तिला सारखेच. आबा खोलीत, त्यांचा श्वास माझ्या उजव्या कानाशी, आणि त्यांचे शब्द दुसऱ्याच कुणाच्या तोंडून. तरी मधे माणूस नव्हता. तेवढ्यावर मी खूश होते.

दिवाळी आबांनी बघितली. पुढचा हंगाम नाही. दुखणं उलटलं होतं. बाग खाली व्हायची वाट त्याने काही पाहिली नाही.

त्याला आता काही हंगाम झाले. बाग विलासने वाट्याने दिली आहे. ऑफिसचे मेल अजून मीच बघते. पण एक वाईट गोष्ट हळूहळू होत गेली. आबा आठवले की ते मला त्या बाईच्या आवाजात आठवायला लागले. "आगं मागं जा, मंचर सुटलं," हे मी मनात म्हणून बघते, आणि ते शुद्ध, सपाट, बायकी आवाजात येतं. त्यांचा आवाज कुठे साठवून ठेवलेला नाही. कुणाला वाटलं होतं, की तो साठवावा लागेल? इतका मोठा आवाज होता. म्हणून मी तो एक हंगाम धरून बसले आहे. तो हंगाम संपेपर्यंत आबांना आवाज होता.

पहिली ट्रॉली गेली त्या दुपारी मी ओटीवर बसून त्यांचे मेल लावले होते. दर साली एकदा लावते. सासूबाई पलीकडे सुपात पावटे सोलत बसल्या होत्या. एरवी मी काय ऐकते ते त्या विचारत नाहीत, आणि बाईचा वेग त्यांना समजतही नाही. त्या दिवशी मी वेग उतरवला होता. शेंगांचा आवाज थांबला.

"ह्ये त्यांचं हाय का?"

"हो."

मग त्या म्हणाल्या, "ती बाई कशाला मधी? तू वाच."

मला वाचता येत नाही, असं तोंडावर आलं होतं. पण मी ते गिळलं. एक इयरफोन कानात घातला, बाईला तिथे कोंडलं आणि तिने एक ओळ म्हटली की मी ती मोठ्याने म्हणायला लागले. सगळ्यात जुन्या मेलपासून. पहिल्या दोनचार ओळी चाचरतच गेल्या. मग ओळ तोंडात आली की ती आपोआप आबांच्या चालीने बाहेर पडायला लागली. जिथे ते थांबायचे तिथे थांबायला लागली. सासूबाई जवळ सरकल्या, त्यांचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. प्रत्येक मेल झाला की त्या "हं" म्हणायच्या.

मग एक मेल आला. मी तो पूर्वी ऐकला होता आणि त्यात काही विशेष आहे असं मला कधी वाटलं नव्हतं. "आज भाकर कडक व्हती घास उतरंना पर तिनी केली म्हणून खाल्ली."

"हं" आलं नाही.

"मला हात करून दावायचं," सासूबाई म्हणाल्या. "भाकरीकडं बघून आसा हात हालवायचं. मला वाटायचं, नगं म्हंत्यात. मंग मी ताट उचलायची. मऊ भात टाकला असता की मी. त्याला काय लागतंय."

पाटी सासूबाईंना वाचता येत नव्हती. मेल तर दूरच. आबा घरी आले त्या दिवसापासून या बाईच्या वाट्याला तिच्या नवऱ्याचा एकही शब्द आला नव्हता. पाटी विलासची झाली, मेल माझे झाले. मधलं माणूस नको म्हणून मी इतकी भांडले, आणि हिच्यासाठी मधे कुणी उभंच राहिलं नव्हतं. हिने कधी मागितलंही नाही. हंगाम होता, मग दुखणं होतं, मग दिवसकार्य होतं. तिचं मागणं त्यांतल्या कशाकशाच्या मागे थांबत गेलं असेल.

मी तिचा हात धरला. पावट्याच्या सालांनी तो हिरवा, चिकट झाला असणार, वासावरून कळत होतं. मी शेवटपर्यंत वाचत गेले. शेवटच्या मेलमध्ये इतकंच होतं, "थंडी वाढली तुझ्या सासूला घोंगडी दे ती मागत न्हाई."

"पुढं?" सासूबाई म्हणाल्या.

"एवढंच आहे, आई. पुढं काही नाही."

बागेकडून ट्रॉली परत येत होती. ती दारावरून पुढे गेली. मग त्यांनी पुढ्यातलं सूप बाजूला सारलं.

"मंग परत पयल्यापासनं वाच. आन् सावकाश वाच."

जुना मेल यादीत सगळ्यात खाली असतो. मी यादीच्या तळाशी नेणारं एंड दाबलं, एंटर दाबला आणि वाचायला लागले.